नकाशाबाहेरची तेवीस ठिकाणं

बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून वर्षाराणीनं त्याची पट्टी केली आणि कोऱ्या फुलस्केपवर चार रकाने पाडले. पहिली रेघ जरा वाकडी गेली. तिनं ती तशीच राहू दिली. तिच्या कादंबरीत याहून वाकड्या गोष्टी खपल्या होत्या.

फोन गुळाच्या ढेपेला टेकवून ठेवला होता. त्यातून प्रणिता बोलत होती. प्रणिता हैदराबादेत राहून मराठी पुस्तकं इंग्रजीत नेण्याचं काम करी, आणि गेले पाच महिने ती वर्षाराणीची कादंबरी नेत होती. आता गाडी शेवटच्या वळणावर येऊन अडली होती.

"ताई, इंग्रजीत नाव असलं की पहिलं अक्षर मोठं करावं लागतं. तुम्ही लिहिलंय, 'कोरडी आई तुडवून मेंढरं खाली उतरली.' आता ही कोरडी आई म्हणजे डोंगर, ओढा की खरोखरची बाई? मोठं अक्षर दिलं तर वाचणाऱ्याला कळेल की ठिकाण आहे. लहान राहिलं, तर मेंढरं म्हातारीच्या अंगावरून गेली."

मिठाच्या पुड्या बांधणारा संगमेश्वर, म्हणजे वर्षाराणीचा नवरा, दोरा दातात धरूनच हसला.

"माळ आहे तो," वर्षाराणी म्हणाली. "मोठं करा."

"आणि दीड बाभळ? ते नाव, की तिथं खरंच एक आणि अर्धी बाभूळ आहे?"

"दोन्ही."

"म्हणूनच यादी मागतेय. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ते काय आहे, तिसऱ्यात मोठं अक्षर की लहान. आणि चौथ्यात, नाव कोणी ठेवलं. खरं असेल तर सरकारी नकाशातल्यासारखं लिहावं लागतं. पण तुमचा चौथा रकाना सोपा आहे, सगळीकडं 'लेखिका' लिहा. प्रकाशकांना सुरुवातीला नकाशा छापायचाय. त्याखाली ओळ येईल, 'सर्व ठिकाणे व त्यांची नावे ही लेखिकेची निर्मिती.' त्यावर सही करून सोमवारपर्यंत पाठवा. ताई, खरं सांगू? ही नावं म्हणजेच पुस्तकाची जान आहे."

फोन बंद झाला. संगमेश्वरनं दोरा तोडला.

"आपल्याकडं बरं हाय," तो म्हणाला. "सगळी अक्षरं एका दांडीला टांगलेली. कोण मोठं न्हाई, कोण लहान न्हाई. इंग्रजाला मात्र गावातबी पाटील लागतो."

पहिले तीन रकाने वर्षाराणीनं गिऱ्हाईक सांभाळत, अर्ध्या तासात भरून टाकले. तेवीस ठिकाणं. सात रांजण, पाठमोरी, उपाशी बारव, न्हाव्याचा आरसा, उलटा नाला, असं करत खालपर्यंत. मोठं, मोठं, मोठं. हात असा चालला होता की जणू ती बारसंच घालत होती. चौथ्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं ते दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढेपर्यंत.

"चवथा उपाशी हाय," संगमेश्वरनं जाता जाता टिपलं.

"माहीत आहे."

"एक शब्द तेवीस वेळा लिहायचाय. हात दुखतो का?"

माणसाला आपल्या बायकोचं काय चाललंय हे नेमकं ठाऊक असलं की तो असेच प्रश्न विचारतो.

कादंबरी येऊन दोन वर्षं झाली होती. चौसाळ्यासारख्या रस्त्यावरच्या गावात, तेलाचे डबे आणि साबणाच्या वड्या विकणारी बाई पन्नाशीत कादंबरी लिहिते, ती छापून येते, तिला बरं म्हणणारी माणसं पुण्या-मुंबईत भेटतात, याचं गावाला पहिल्यांदा नवल वाटलं आणि मग नेहमीप्रमाणे ते नवल गावानंच आपल्या नावावर करून घेतलं. नेकनूरच्या शाळेतला अभिमन्यू नावाचा कारकून तर मोटरसायकल काढून दोन रविवार पाठमोरीचा डोंगर शोधत फिरला आणि सापडला नाही म्हणून दुकानात येऊन भांडला. पहिल्या पानावर स्वच्छ छापलं होतं की सर्व ठिकाणं काल्पनिक आहेत. "ते समदेच छापतेत," असं अभिमन्यूचं म्हणणं. छापून आलेल्या परीक्षणांत कथानकाबद्दल दोन बरे, दोन आडवे शब्द असत. नावांबद्दल मात्र सगळे एकदिलानं डोलत. एकानं लिहिलं, नावं ठेवावीत तर या बाईंनी. संगमेश्वर म्हणाला, हे तर मी लग्नापासून सांगतोय.

आणि खोट नेमकी तिथंच होती. एखादं सोडलं तर नावं तिनं ठेवलीच नव्हती.

चाळीस वर्षांपूर्वी हे दुकान तिच्या वडिलांचं, मन्मथअप्पांचं होतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन फिरणारे धनगर खडेमीठ, तंबाखू, चहापत्ती न्यायला येत आणि सावलीला बाकड्यावर टेकत. दहा वर्षांची वर्षाराणी मिठाच्या पोत्यावर बसून पाढे पाठ करी आणि कान बाकड्याकडं ठेवी. त्यांच्यातला एक म्हाळू. त्याला कुणी विचारायचा अवकाश, की तो सांगे, औंदा चारा उपाशी बारवेच्या अंगाला चांगला हाय, पाणी म्हणाल तर न्हाव्याच्या आरशात टिकून हाय. ती ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेई. मोठेपणी तिनं तलाठ्याकडं चौकशी केली, जुने नकाशे धुंडाळले; त्यातलं एकही नाव कुठं नव्हतं. तेव्हा तिनं ताडलं की ही धनगरांची आपली नावं; सरकारला ठाऊक नसलेली, पण खरी. कादंबरीत ती घातली. 'काल्पनिक' हा शब्द सोयीचा होता, कुठलं गाव अंगावर येत नाही. पण 'लेखिकेची निर्मिती', आणि खाली आपली सही? मापात मारणं तिच्या बापानं केलं नव्हतं आणि तिनंही नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिनं यादी पिशवीत घातली, एक किलो गूळ आणि पुस्तकाची एक प्रत घेतली आणि स्कूटी नेकनूरच्या दिशेनं काढली.

म्हाळूची वस्ती नेकनूरच्या अलीकडं, कच्च्या रस्त्यानं आत होती. पत्र्याचं घर, समोर जाळीचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. मेंढरं आता चाळीसच उरली होती आणि ती नातवानं चारायला नेली होती. ऐंशी गाठलेला म्हाळू बाजेवर बसून टकळीवर लोकर कातत होता. त्याची बायको बायडाबाई खाली पोतं अंथरून सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"आप्पाची पोर का?" म्हाळूनं डोळ्यांवर हात धरला. "मिठाच्या पोत्यावर बसायची, ती?"

"तीच, बाबा."

"आता पोतं दबल."

"आवो, पाव्हणी हाय," बायडाबाई म्हणाली. "बस ग माय. यांच्या जिभंला हाड न्हाई, आन् आता दातबी न्हाईत."

वर्षाराणी पोत्याच्या कडेवर बसली. गूळ दिला, पुस्तक दिलं. म्हाळूनं पुस्तक वजन करावं तसं हातावर तोललं. आडवळणं घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं यादी उघडली आणि सांगून टाकलं की यात तुमची नावं आहेत, मी न विचारता घेतली, लोक मला शाबासकी देतायत, आता ती परदेशात जायची आहेत, तर त्याआधी मी तुमच्याकडं आले.

"कसली नावं?" बायडाबाईनं विचारलं.

"ठिकाणांची, मावशी. तुम्ही मेंढरं घेऊन जायचात ती. सात रांजण."

बायडाबाईनं शेंग फोडली. "हे कुठलं?"

"पाठमोरी. डोंगर."

"ऐकलं न्हाई."

"उपाशी बारव. दीड बाभळ. उलटा नाला."

"पोरी, चाळीस वर्सं ह्या माणसाच्या मागं चालले मी. नारायणगडापस्नं पार तिकडं गोदाकाठालोक. प्रत्येक दगडाला पाय लागलाय. ही नावं मी आजच ऐकते."

वर्षाराणीनं चमकून म्हाळूकडं पाहिलं. टकळी थांबली होती. म्हातारा तोंड मिटून हसू धरू पाहत होता, पण ते खांद्यांतून सांडत होतं.

"लिहून घेतलं होतंस?" त्यानं विचारलं. "समदं?"

"वहीत."

"आता ग बया!" तो मोकळा हसला, खोकला लागेपर्यंत हसला. "आगं, त्यातलं एकबी न्हाई. कुठंच न्हाई."

"नाही म्हणजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. तुज्या बापाच्या दुकानात बसलं की सवाल ठरलेला. म्हाळू, वाडा कुठं बसलाय? चारा कसा हाय? आजूबाजूला धा कान. खरं सांगावं, तर चवथ्या दिशी दुसऱ्याची दोनशे मेंढरं माज्या गवतावर. न्हाई सांगावं, तर म्हाळू लई मिजासखोर. मग सांगायचं. पण जे हायच न्हाई ते सांगायचं."

"इतकी वर्सं?" बायडाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दुकानात बसून थापा मारायलते तुमी?"

"पोट चाललं का न्हाई तुजं? मग!" तो वर्षाराणीकडं वळला आणि कसब सांगणाऱ्या माणसासारखा पुढं झुकला. "नाव असं ठेवायचं की ऐकणाराला 'ते कुठं हाय' म्हणून इचारायची लाज वाटली पायजे. आन् सांगताना जीभ अडखळू द्यायची न्हाई. तो बद्रीनाथ ठावं हाय का, चौसाळ्याच्या वरच्या अंगाचा? मी दीड बाभळ म्हणलं, तर भर दुकानात बोल्ला, 'हां हां, मीबी गेलतो तितं, पारसाली!' मलाच घडीभर वाटलं, आसंल बाबा."

वर्षाराणीला हसू यायला हवं होतं आणि ते आलंही, पण अर्ध्यावर आलं. चाळीस वर्षं तिनं जपून ठेवलेला सगळा मुलूख या बाजेवरच्या माणसानं चहापत्ती बांधून होईपर्यंतच्या वेळात रचला होता. तिनं तो नुसता उतरवला होता, आणि तोही खरा समजून. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं वाक्य एवढ्यात खरं ठरलं होतं. फक्त ज्याच्यामुळे ते खरं ठरलं, तो माणूस वेगळा होता.

"मग नकाशाखाली तुमचं नाव येईल," ती म्हणाली. "म्हाळू धनगर यांनी रचलेली नावं. मी कळवते."

"खुळी हायस का?" म्हाळूचं हसू एकदम मावळलं. "बद्रीनाथ अजून जित्ता हाय! तीन दिस मेंढरं घेऊन न्हाव्याचा आरसा हुडकत फिरला होता तो, उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याला आज कळलं तर काठी टेकत हितवर येईल. माजं नाव कुठं घालू नगंस. तुजं घाल. तुला कोण मारतंय?"

"पण ती माझी नाहीत, बाबा."

"मग कुणाचीच न्हाईत म्हण." त्यानं टकळी पुन्हा फिरवली, पण दोनच फेरे. "दाव बरं. सात रांजण कुठं घातलेस तू?"

"पाठमोरीच्या उगवतीला."

"चुकलं. मावळतीला."

"तुम्ही आत्ताच म्हणालात, ते कुठंच नाहीत."

"न्हाईतच. पण मावळतीला न्हाईत." म्हाळूनं बाजेवर बोटानं रेघ ओढली. "उगवतीला ठेवले तर दीड बाभळीपस्नं एका दिसात मेंढरं पोचायची न्हाईत. आन् मी दुकानात सोमवारी दीड बाभळ सांगायचो न् मंगळवारी सात रांजण. बद्रीनाथनं तितल्या तितं धरलं असतं. खोटं बोलायचं तर पायाखालची वाट बराबर पायजे, पोरी."

वर्षाराणीनं पेन काढलं. पुढचा पाऊण तास म्हाळूनं तिचा सगळा मुलूख पुन्हा लावून दिला. उलट्या नाल्याला दोन फाटे होते, तिनं एकच दाखवला होता. उपाशी बारवेला पायऱ्या नव्हत्या. तिनं कादंबरीत एका बाईला त्या पायऱ्यांवरून उतरवलं होतं, ते म्हाळूला मुळीच पटलं नाही. बायडाबाई मधून मधून "ऐका यांचं" म्हणे आणि सालांचा ढीग वाढवी. यादीच्या चौथ्या रकान्यात वर्षाराणी प्रत्येक नावापुढं एकच शब्द लिहीत गेली: ऐकलेलं. ऐकलेलं. ऐकलेलं. बावीस वेळा. लिहिताना तिला हलकं वाटत होतं. प्रणिताला काय सांगायचं ते ठरलं होतं: चौसाळ्याच्या एका दुकानात ऐकलेली नावं, एवढंच छापा, ऐकणारीची सही आहे.

तेविसाव्या ओळीपुढं तिनं सावकाश, अक्षर नीट काढून, 'लेखिका' असं लिहिलं.

म्हाळूनं मान वाकडी केली. त्याला वाचता येत नव्हतं, पण शब्दाची चण बदलल्याचं त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"हे काय येगळं लिवलंस?"

"हे तेवढं माझं आहे, बाबा. हे तुमच्याकडून ऐकलेलं नाही. वहीतसुद्धा नव्हतं. लिहिता लिहिता सुचलं."

"मोठं अक्षर द्यायचं का त्याला?"

"सगळ्यात मोठं."

"वाच की मग."

"मागलं दार," वर्षाराणीनं वाचलं. "दोन टेकड्यांमधली खिंड. कादंबरीतली बाई शेवटी तिथून निघून जाते. पुरुष मेंढरांबरोबर वरून गेलेले असतात, आणि तिला खालून ही वाट सापडते."

म्हाळूनं दाद द्यावी तशी मान हलवली. "नाव ब्येस हाय. मला सुचलं न्हाई कधी."

एवढ्या वेळात वर्षाराणीला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती देणाऱ्याचा अधिकार मोठा होता. ती कागदाची घडी घालू लागली.

"हे ठावं हाय मला," बायडाबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. ती सालं एका बाजूला आणि दाणे एका बाजूला सारत होती.

"काय ठावं हाय?" म्हाळूनं विचारलं.

"मागलं दार. तितं गेलतो की आमी."

"कोण आमी? मी न्हाई गेलो."

"तुमी कावून जाताल? तुमी बाप्ये मेंढरं घेऊन वरून. आमी बाया घोड्यावर बिऱ्हाड टाकून, कोंबड्या न् लेकरं घेऊन खालून. सांजच्याला एका जागी. तुमाला काय ठावं आमी कुठून येत होतो?" तिनं हात झटकले. "छबूबाई, सत्यभामा, मी. दोन टेकड्यांतून वाट होती. घोडं एकच जाईल इतकी. तुमच्या वाटंनं सांज व्हायची, आमी दुपारी पोचायचो. दोन घंटे कोण बोलवणारं न्हाई, कोण हाटकणारं न्हाई. केसं धुवायचो. छबूबाई गाणं म्हणायची. मग तुमी यायच्या आत चुली पेटवून दमल्यावानी बसायचं."

म्हाळूचं तोंड जरा उघडं राहिलं होतं. त्यानं वर्षाराणीकडं पाहिलं; थापेबाजानं थापेबाजाकडं मदतीसाठी पाहावं तसं.

"ही खरं बोलतीय का?"

वर्षाराणीला सांगता आलं नसतं. बायडाबाईचा चेहरा शांत होता, जीभ कुठंही अडखळली नव्हती. दुकानाच्या मागच्या अंगाला हौद होता, धनगरांच्या बाया तिथं घागरी भरत. तिथं आपण लहानपणी कधी उभ्या होतो का, काही कानावर पडलं होतं का, हे तिनं आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही. बद्रीनाथही पारसाली दीड बाभळीला जाऊन आला होता.

"मावशी, हे नाव तुम्ही ठेवलं होतं?"

"कुणी ठेवलं कुणाला ठावं. आमी बाया म्हणायचो."

कागद वर्षाराणीच्या मांडीवर उघडाच होता. तेविसाव्या ओळीपुढचं 'लेखिका' अजून ओलं दिसत होतं. ते खोडायचं की ठेवायचं, हे तिनं सोमवारवर टाकलं आणि पेनाला टोपण लावलं. सकाळपासून दुसऱ्यांदा आपलं म्हणून धरलेलं हातातून निसटलं होतं, आणि तरी तिला घरी जायची घाई वाटत नव्हती.

"पाणी होतं का तिथं?" तिनं विचारलं.

बायडाबाईनं बाजेकडं एक नजर टाकली. टकळी पायांत धरून म्हाळू कान देऊन बसला होता, मान पुढं, अगदी दुकानातल्या बाकड्यावर बसणाऱ्या त्या धा कानांसारखा.

"सरक हिकडं, जवळ," बायडाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "यांच्या म्होरं न्हाई सांगायचं."

वर्षाराणीनं शेंगांचं सूप मधून उचलून बाजूला ठेवलं आणि ती सरकली.